उपक्रम : भिंतीवर टांगायचा की वहीत उतरवायचा?



जून महिना लागला की आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर उपक्रमांच्या याद्या फिरायला लागतात. वृक्षदिंडी, बाल बाजार, आजी-आजोबा दिवस, टाकाऊपासून टिकाऊ, पाणी वाचवा फेरी. यातलं काही वाईट नाही. मुलांना आवडतं, शाळेत चैतन्य येतं, पालकही येतात. पण कार्यक्रम झाला, फोटो निघाले, अहवाल गेला की दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा पुस्तकाचं पान उघडतो आणि कालचं सगळं जणू झालंच नाही असा तास सुरू होतो. प्रकल्पाचं तर विचारूच नका. तालुक्याच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात. थर्माकोलचं घर, कापसाचे ढग, खाली सुंदर अक्षरात मुलाचं नाव. ते अक्षर ताईचं, पैसे वडिलांचे आणि श्रेणी मुलाची!

मी मराठवाड्यातल्या एका छोट्या गावात द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली ते चौथी. माझ्याकडे तिसरी-चौथीचा जोडवर्ग आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या वर्गात जे उपक्रम खरोखर रुजले, ते सगळे फार साधे होते. त्यांना खर्च जवळजवळ नव्हता. पण त्या प्रत्येकात तीन गोष्टी होत्या. मुलांनी काहीतरी मोजलं, काहीतरी स्वतः ठरवलं आणि त्यातून गावाला काहीतरी मिळालं. या लेखात अशा चार उपक्रमांची साहित्य-कृतीसह माहिती देत आहे. आपल्या शाळेच्या गरजेप्रमाणे त्यात जरूर बदल करावेत.

कृतीतून शिक्षण : ही कल्पना आपल्याच मातीतली

कृतियुक्त शिक्षण म्हटलं की ते कुठलं तरी बाहेरून आलेलं नवीन खूळ आहे असं काही जणांना वाटतं. पण १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार मांडला. त्यालाच आपण नई तालीम म्हणतो. त्यात सूत कातणे हा वेगळा तास नव्हता. सुताची लांबी, वजन, मजुरी यातूनच गणित शिकायचं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली गेली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचं, इतका साधा तो विचार. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली मुलं गावाला लागणाऱ्या वस्तू आणि सेवा देता देता विज्ञान शिकतात.

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्येही, कलम २९ मध्ये, कृती, शोध आणि अन्वेषण यातून मुलांनी शिकावं असं म्हटलेलं आहे. म्हणजे उपक्रम हा आपल्या कामावरचा जादा बोजा नाही, ते आपलं कामच आहे. फक्त उपक्रमात मुलाचं डोकं आणि हात दोन्ही चालले पाहिजेत.

उपक्रम १ : पावसाची बाटली

*साहित्य :* शीतपेयाची दोन लिटरची सरळ उभ्या बाजूची रिकामी बाटली, कात्री, मोजपट्टी, न पुसणारा पेन, बारीक खडी, चिकटपट्टी.

*कृती :* बाटली जिथून निमुळती होते तिथे कापावी (कापण्याचे काम शिक्षकांनी करावे). वरचा भाग उलटा करून खालच्या भागात नरसाळ्यासारखा बसवावा. बाटलीचा तळ खोलगट असतो, त्यामुळे तळापासून मोजलं तर माप चुकतं. म्हणून तळाशी थोडी खडी टाकून, बाजू सरळ सुरू होते तिथपर्यंत पाणी ओतावे आणि त्या ठिकाणी शून्याची रेघ मारावी. तिथून वर मिलिमीटरच्या खुणा कराव्यात. खडीमुळे बाटली वाऱ्याने पडतही नाही. बाटली मोकळ्या जागी ठेवावी. भिंत किंवा झाड जेवढं उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर सोडावं.

हवामान खातं रोज सकाळी साडेआठला मागच्या २४ तासांचा पाऊस मोजतं. आपण परिपाठाची वेळ ठरवली तरी चालते, पण वेळ रोज एकच हवी. मोजून झालं की पाणी शून्याच्या रेघेपर्यंत कमी करायचं. पाऊस नसेल तेव्हा ऊन्हाने पाणी उडतं, तेव्हा रेघेपर्यंत भरायचं. हे काम आठवड्याला एका जोडीकडे द्यावे. एक मूल तिसरीचं, एक चौथीचं. पाऊस पडला नाही त्या दिवशी '०' लिहायचं, रकाना रिकामा सोडायचा नाही. शून्य हीसुद्धा नोंद आहे हे मुलांना इथेच पक्कं कळतं.

*गणिताशी जोड :* एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १ लिटर पाणी. हे एकदा मुलांच्या गळी उतरलं की पुढचं गणित मुलंच करतात. आमच्या वर्गखोलीचं छत मुलांनी टेपने मोजलं. लांबी ८ मीटर, रुंदी ६ मीटर, म्हणजे ४८ चौरस मीटर. त्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर १२०० लिटर पाणी. थोडं भिंतीवरून ओघळणार, थोडं उडून जाणार, म्हणून पाचवा हिस्सा सोडला तरी ९६० लिटर उरतं. लिटर हा शब्द मुलांना कोरडा वाटतो. म्हणून एका मुलीने घरून हंडा आणला. लिटरच्या मापाने भरून पाहिला तर १५ लिटर बसलं. ९६० भागिले १५ म्हणजे ६४ हंडे. एका पावसात एका खोलीच्या छतावरून ६४ हंडे! उन्हाळ्यात आईबरोबर टँकरच्या मागे घागर घेऊन पळालेल्या मुलांना ६४ हंडे म्हणजे काय ते आपण वेगळं सांगावं लागत नाही. वर्ग एकदम गप्प झाला होता. मग मागून आवाज आला, "मॅडम, मग आपल्या छताचं पाणी जातंय कुठं?"

या प्रश्नावर तास थांबवून सगळ्यांना घेऊन पन्हळीखाली गेलो. पाणी शाळेच्या मागे डबक्यात साचत होतं आणि तिथे डास होत होते. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत चौथीच्या दोन मुलांनी ही आकडेमोड फळ्यावर मांडली. पुढच्या पावसाळ्यात पन्हळीला पाईप जोडून ते पाणी परसबागेजवळच्या जुन्या टाकीत सोडलं.

*गावाशी जोड :* आमच्याकडे पावसाची अधिकृत नोंद महसूल मंडळाच्या ठिकाणी होते. २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर त्या मंडळात अतिवृष्टी धरतात. त्यामुळे शेतकऱ्यांच्या तोंडी हा ६५ चा आकडा सतत असतो. आमच्या बाटलीवर ६५ ला मुलांनी लाल रेघ मारली आहे. आता पालक शेतात जाता जाता फाटकाशी थांबून विचारतात, "काय रे, रात्री किती झाला?" आणि चौथीचं पोरगं छाती काढून सांगतं, "तेवीस मिलिमीटर, दादा." आपली बाटली म्हणजे सरकारी पुरावा नव्हे, हे मुलांना आणि पालकांना स्पष्ट सांगावे. पण आकड्यात बोलायची सवय गावाला लागते, हे काही कमी नाही. एकदा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, बाटलीत नऊ मिलिमीटर आहे, पण आमच्या रानात तर थेंब नव्हता." त्याला दुसरी बाटली करून दिली. त्याने ती शेतातल्या आखाड्यावर ठेवली. त्या महिन्यात दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लिहिल्यावर एकाच शिवारात पाऊस कसा वेगवेगळा पडतो ते मुलांनी स्वतः पाहिलं.

उपक्रम २ : थेंबांचा हिशेब

"पाणी वाचवा" अशा घोषणा देत फेरी काढण्यापेक्षा मुलांच्या हातात एक पेला आणि घड्याळ द्यावं. माझा अनुभव असा की फेरीपेक्षा हे जास्त लागू पडतं.

*साहित्य :* २०० मिलिलिटरचा पेला किंवा औषधाचं माप, घड्याळ, वही, गावाचा मुलांनी काढलेला साधा नकाशा.

*कृती :* चार-चार मुलांचे गट करावेत. प्रत्येक गटाबरोबर एक पालक किंवा समितीचा सदस्य असावा. एकेका गल्लीतले सार्वजनिक नळ, टाकीची तोटी, हातपंप यांची यादी करावी. जिथे गळती आहे तिथे पेला धरून तो किती मिनिटांत भरतो ते लिहावे. नकाशावर गळतीच्या जागी निळा ठिपका द्यावा.

*गणिताशी जोड :* समजा २०० मिलिलिटरचा पेला १० मिनिटांत भरला. तर तासाला १२०० मिलिलिटर, म्हणजे १.२ लिटर. चोवीस तासांत २८.८ लिटर. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी रोज किमान ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. म्हणजे एका गळक्या तोटीतून एका माणसाच्या हक्काचं निम्म्याहून जास्त पाणी वाया जातं.

इथे वर्गात एक गंमत झाली. एका हुशार मुलीने फळ्यावर सगळ्या नळांना २४ ने गुणून मोठी बेरीज काढली. टाळ्याही पडल्या. तेव्हा खिडकीजवळ बसणारा एक मुलगा हळूच म्हणाला, "पण आमच्या गल्लीतल्या नळाला पाणीच तासभर येतंय. मग चोवीसनं कसं गुणायचं?" हा मुलगा पाढे विसरतो, चाचणीत मागे असतो, वाचताना अडखळतो. पण त्या दिवशी अख्ख्या वर्गात प्रश्न त्यालाच पडला. कारण नळाला पाणी केव्हा येतं हे त्याला घरच्या कामामुळे पक्कं ठाऊक होतं. मग मुलांनी दोन याद्या केल्या. टाकीची तोटी रात्रंदिवस गळते, तिला २४ ने गुणायचं. गल्लीतल्या नळाला जेवढे तास पाणी, तेवढ्यानेच गुणायचं. आधीची बेरीज बरीच खाली आली, पण आता ती खरी होती. गुणाकार यंत्रासारखा करणं वेगळं आणि कशाने गुणायचं हे ठरवणं वेगळं. हे दुसरं कौशल्य लेखी चाचणीत क्वचितच दिसतं. उपक्रमात ते लगेच दिसतं.

*भाषेशी जोड :* अर्जलेखन. पुस्तकातला नमुना अर्ज लिहून घेण्याऐवजी मुलांनी सरपंचांना खराखुरा अर्ज लिहिला. कोणत्या जागी, किती गळती, काय करावे. सोबत नकाशा जोडला. "आदरणीय सरपंच काका" की "मा. सरपंच साहेब" यावर अर्धा तास चर्चा झाली. काका घरी, अर्जात 'मा. सरपंच', असं शेवटी मुलांनीच ठरवलं. औपचारिक आणि अनौपचारिक भाषेतला फरक समजावून सांगायची मला गरजच पडली नाही.

अर्ज दिला आणि लगेच सगळं झालं असं मात्र नाही. दोन तोट्यांना आठवड्यात नवीन वायसर बसले. टाकीची तोटी तशीच राहिली. मुलं रोज विचारायची. मग मुलांनी दर पंधरा दिवसांनी पुन्हा मोजून नवा आकडा कळवायचं ठरवलं. तिसऱ्या पत्रानंतर तोटी बदलली. मुलांना यातून जे कळलं ते नागरिकशास्त्राच्या कुठल्याही धड्यापेक्षा मोठं आहे, असं मला वाटतं. मागणी करायची तर हातात आकडा हवा आणि एकदा सांगून थांबायचं नाही. आणि हो, आवाजही चढवायचा नाही.

उपक्रम ३ : बाल बाजार, पण हिशेबासकट

बाल बाजार किंवा आनंदनगरी आपण सगळेच भरवतो. पण बऱ्याचदा पदार्थ आई करते, भाव शिक्षक सांगतात, विकत घेणारे पालक आणि शिक्षकच असतात. मूल फक्त टोपी घालून मागे उभं असतं. थोडा बदल केला तर हाच उपक्रम गणिताचा सर्वांत चांगला धडा होतो.

*पूर्वतयारी :* बाजाराच्या आठवडाभर आधी गावातल्या बचत गटाच्या ताईंना वर्गात बोलवावे. त्या भांडवल, उधारी, नफा हे शब्द आपल्यापेक्षा सोपे करून सांगतात, कारण त्यांचा तो रोजचा व्यवहार आहे. नंतर प्रत्येक गटाने एक पान हिशेबाचं करावं. डावीकडे खर्च, उजवीकडे विक्री.

एका भेळेच्या गटाचा हिशेब नमुन्यादाखल देते. मुरमुरे ४० रुपये, फरसाण ५०, कांदा-टोमॅटो-कोथिंबीर ३०, कागद १०. एकूण खर्च १३० रुपये. अंदाजे २० पुड्या होतील, म्हणजे एका पुडीला ६ रुपये ५० पैसे खर्च. भाव मुलांनी ठरवायचा. त्यांनी १० रुपये ठरवला. विकल्या १७ पुड्या, आले १७० रुपये. उरलेल्या तीन पुड्या गटानेच फस्त केल्या. नफा ४० रुपये.

आता खरी चर्चा इथून पुढे. "सगळ्या विकल्या असत्या तर किती नफा झाला असता?" "खाल्लेल्या पुड्या नफ्यात धरायच्या की तोट्यात?" आणि एका मुलीचा प्रश्न, "कांदा आईनं चिरून दिला. तिची मजुरी कुठं लिहायची?" या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. मुलांना घरी जाऊन विचारायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वेगवेगळी उत्तरं आली. कुणाची आई हसली, कुणाची म्हणाली, "घरच्या कामाची कसली आलीय मजुरी?" एका गटाने मात्र खर्चाच्या बाजूला 'आईची मेहनत' असा रकाना काढला आणि त्यात वीस रुपये लिहिले. नफा ४० चा २० झाला. पण त्या गटाने तो रकाना खोडला नाही.

*काळजी :* भांडवल घरून आणायची सक्ती करू नये. ज्यांच्या घरी अडचण आहे ती मुलं त्या दिवशी गैरहजर राहतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून गटाला भांडवल शाळेकडून उसने द्यावे आणि विक्रीतून परत घ्यावे. शिवाय बिनभांडवली कामं ठेवावीत. वजन करून देणं, सुट्टे पैसे देणं, पाणी देणं, भावफलक लिहिणं, बाजाराचा एकूण हिशेब ठेवणं. सुट्ट्या पैशांच्या टेबलावर बसलेलं मूल एका दिवसात जितकी वजाबाकी करतं, तितकी आपण आठवडाभर फळ्यावर करून घेत नाही.

उपक्रम ४ : आजीची पायली आणि शाळेचा तराजू

आजी-आजोबा दिवशी पाय धुणं, ओवाळणं, भाषण हे होतंच. ते असू द्यावे. पण त्यांच्याजवळ जे ज्ञान आहे ते वर्गात यायला हवं. आमच्या गावात अजून काही घरांत जुनी मापं आहेत. पायली, शेर, अदुली, मापटं, चिपटं. १९५६ च्या कायद्यानंतर देशात मेट्रिक मापं आली, पण आजीच्या तोंडून पायली गेली नाही.

*साहित्य :* घरोघरची जुनी मापं (जपून परत करावीत, नावाची चिठ्ठी लावावी), ज्वारी, तूर, करडई, वजनकाटा.

*कृती :* आजी-आजोबांना सांगावे की मापं कशी भरायची ते मुलांना दाखवा. शीग लावून की सपाट, हा भेद त्यांच्याकडूनच कळतो. मग मुलांनी आधी अंदाज सांगायचा, तो वहीत लिहायचा आणि नंतर वजन करायचं. एकाच पायलीत ज्वारी आणि करडई भरून पाहिली तर करडईची पायली हलकी भरते. "माप तेच, मग वजन कमी कसं?" या एका प्रश्नात आकारमान आणि वस्तुमान यांतला फरक दडलेला आहे. पुढच्या इयत्तांत घनतेचा धडा येईल तेव्हा मुलांना ही करडई आठवेल.

दुसरी गोष्ट. चार शेरांची एक पायली हे बहुतेक सगळे आजोबा सांगतात. पण किती पायल्यांचा मण, यावर आजोबांचं आपसात जुंपतं. कुणी बारा म्हणतं, कुणी सोळा. कारण भागाभागाप्रमाणे मण वेगळा होता. मुलांनी दोन्ही उत्तरं सांगणाऱ्याच्या मूळ गावासह लिहून ठेवावीत. सगळ्या देशाला एकच माप का लागतं, हे या भांडणातून मुलांना आपोआप उमगतं. लिटर-किलो पाठ करून घेण्याऐवजी त्याची गरज आधी पटवावी, ती अशी.

*भाषेशी जोड :* आजीने वापरलेले पण मुलांना माहीत नसलेले शब्द एका वहीत जमवावेत. आम्ही त्याला 'शब्दांचं गाठोडं' म्हणतो. शब्द, अर्थ, कुणी सांगितला आणि त्या शब्दाचं एक वाक्य. वाक्य मुलाचं स्वतःचं हवं. पहिलीतलं मूल चित्र काढेल, चौथीतलं मूल चार ओळी लिहील. घरातली बोली चुकीची नाही, ती आपल्या भाषेची श्रीमंती आहे, हे मुलांपर्यंत यातून पोचतं. त्यानंतर वर्गात न बोलणारी मुलंही बोलू लागतात.

दिवाळीनंतर रिकामे होणारे बाक

आमच्याकडची एक अडचण इथे मांडायलाच हवी, कारण मराठवाड्यातल्या अनेक शाळांची ती आहे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणारी कुटुंबं गाव सोडतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. काही मुलं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात थांबतात, काही आई-वडिलांबरोबर जातात. वर्षभराचा उपक्रम ठरवताना ही मुलं आपण नकळत वगळतो. वार्षिक स्नेहसंमेलन, प्रदर्शन, सहल, सगळं नेमकं डिसेंबर-जानेवारीत असतं.

म्हणून काही गोष्टी आम्ही मुद्दाम करतो. पावसाची नोंद, नळांची मोजणी आणि बाल बाजार हे तिन्ही दिवाळीच्या आतच उरकतो. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यायचंच, म्हणजे तिकडच्या शाळेत त्याला बसता येतं. त्याच्याबरोबर एक छोटी वहीसुद्धा देतो. वाटेतल्या गावांची नावं, नदी लागली का, तिकडची बोली कशी, बाजाराचा वार कोणता, आपल्याकडे नसलेलं कोणतं झाड दिसलं. एवढंच लिहायचं. मुलाने तिथे काम करावं असा त्याचा अर्थ मुळीच नाही, हे पालकांना निक्षून सांगावे. आणि घरची उचल, कर्ज अशा गोष्टी वर्गात कुणालाही विचारू नयेत.

पाडव्यानंतर ही मुलं परत येतात तेव्हा वर्गात ती मागे पडलेली असतात. अशा वेळी पहिल्या दिवशी चाचणी घेतली तर त्यांचा उरलासुरला धीरही जातो. त्याऐवजी पहिल्या दिवशी नकाशा उघडायचा आणि वही वाचायची. एका मुलाच्या वहीत फक्त अकरा गावांची नावं होती. अक्षर वाकडंतिकडं, काही नावं अर्धवट. पण ती नकाशावर शोधायला अख्खा वर्ग त्याच्याभोवती जमला होता. ज्याला शिकवायचं बाकी होतं, तोच त्या दिवशी सगळ्यांना भूगोल सांगत होता. वाचनाची कसर पुढे भरून काढायला त्या एका तासाचा फार उपयोग झाला.

उपक्रमाचं मूल्यमापन कसं करावं?

२०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत उपक्रम, प्रात्यक्षिक, प्रकल्प ही साधनं आहेतच. पण गुण सजावटीला देऊ नयेत. मी नोंदवहीत पुढच्या गोष्टी पाहते.

१. मुलाने स्वतः काय मोजलं किंवा निरीक्षण केलं? तारीख-वेळेसह नोंद आहे का?

२. आधी अंदाज सांगितला का? अंदाज आणि प्रत्यक्ष यातला फरक का पडला, हे सांगता येतं का?

३. कोणता निर्णय मुलांनी घेतला? (भाव, जागा, कोणाला पत्र लिहायचं इत्यादी)

४. मुलाला कोणता प्रश्न पडला? प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावा.

५. गटात मागे राहणाऱ्या मुलाला काम मिळालं का?

चौथ्या मुद्द्याला मी सर्वांत जास्त महत्त्व देते. वर्णनात्मक नोंदी लिहिताना "उपक्रमात आवडीने भाग घेतो" असं प्रत्येकापुढे लिहिण्यापेक्षा "नळाला पाणी तासभर येते, मग २४ ने का गुणायचे असे विचारले" हे एक वाक्य त्या मुलाबद्दल कितीतरी जास्त सांगतं. पुढच्या वर्षीच्या शिक्षकांनाही ते उपयोगी पडतं.

वेळ कुठून आणायचा?

हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षणात निघतो आणि तो रास्तच आहे. ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामं सांभाळून आपण शिकवतो. म्हणून माझं सांगणं एवढंच की वर्षाला वीस उपक्रम करू नका. दोन करा, पण वर्षभर चालवा. पावसाची नोंद रोज पाच मिनिटांची. ती परिपाठात बसते. नळांची मोजणी मोजमापाच्या घटकातच घ्यावी, अर्ज मराठीच्या लेखन तासात, हिशेब गणिताच्या तासात. उपक्रमासाठी वेगळा वेळ काढायचा नाही, तर पाठातला वेळ उपक्रमाकडे वळवायचा.

आणि एक साधी कसोटी. उपक्रम संपल्यावर आठ दिवसांनी वर्गातल्या सर्वांत मागच्या मुलाला विचारा, "आपण काय केलं होतं रे?" त्याने एखादा आकडा, एखादा प्रश्न किंवा स्वतः केलेलं एखादं काम सांगितलं तर उपक्रम झाला असं समजावं. "फोटो काढला होता" एवढंच सांगितलं तर पुन्हा करावा.

यंदाच्या पहिल्या पावसाआधी एक रिकामी बाटली, एक वही आणि एक मोजपट्टी तेवढी शोधून ठेवा. सुरुवातीला एवढं पुरे आहे. सर्वांना शुभेच्छा!